सहावा डबा

मखमलाबादच्या अंबूबाईला फसवणं सोपं नव्हतं. तीस वर्षं फुलबाजारात काढलेली बाई. व्यापाऱ्याने झेंडूच्या जाळीला हात लावला की तो किती भाव पाडणार हे तिला त्याच्या तोंडावरून कळायचं, आणि त्याने तोंड उघडायच्या आत ती जाळी उचलून पुढच्या गाळ्याकडे निघालेली असायची. अशा बाईला दीड वर्ष कोणी कापत होतं आणि तिला पत्ता नव्हता. गावाने ऐकलं तेव्हा म्हटलं, आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. पण अंबूबाई आंधळी नव्हती हो. तिने डोळे आपल्या हाताने मिटून घेतले होते, आणि तेही नेमधर्म म्हणून.

हा नेम तिच्या आईकडून आला होता. पैसे डब्यात ठेवायचे आणि कामागणिक डबा वेगळा. बी-बियाण्याचा एक, सणावाराचा एक, दुखण्याखुपण्याचा एक. एकातले दुसऱ्यात घालायचे नाहीत. आणि ज्या कामाचा डबा आहे ते काम दारात येऊन उभं राहीपर्यंत झाकण उघडायचं नाही. मुदतीआधी डबा उघडला की बरकत जाते, असं आई म्हणायची. आईने या नेमावर चार लेकी उजवल्या होत्या, त्यामुळे अंबूबाईने त्यावर कधी शंका काढली नाही.

नोटाबंदी आली तेव्हा डब्यांतल्या नोटा बदलून घ्यायला तिला आठ दिवस रांगेत उभं राहावं लागलं. तिने कानाला खडा लावला. पैसे इथून पुढे बँकेत. पण नेम कसा सोडणार? डबे पाच, म्हणून खातीही पाच झाली.

तिची सून सविता तेव्हा म्हणाली होती, "आत्या, सगळे एकाच खात्यात ठेवा ना. कशाचे किती ते मी वहीत लिहून ठेवीन." त्या घरात सासूला आत्या म्हणायची पद्धत.

"डाळ, तांदूळ, मीठ कुणी एका डब्यात ठेवतं का गं?" अंबूबाई म्हणाली. सविता गप्प बसली. या घरात आल्यापासून ती गप्प बसायला चांगलीच शिकली होती.

तर बियाण्याचे पैसे गावातल्या पतसंस्थेत. सणावाराचे पंचवटीतल्या बँकेत, फुलबाजारातून येता-जाता पडते म्हणून. दुखण्याचे सातपूरच्या बँकेत, मुलाचं, संतोषचं, कंपनीच्या पगाराचं खातं होतं त्यात. चौथं खातं सरकारने फुकट उघडून दिलेलं, एक रुपया न ठेवता चालणारं. फुकटच्या वस्तूला मान कमी, म्हणून तिथे अंबूबाईने आपल्या मागचे ठेवले. म्हणजे दहाव्या-तेराव्याचे. आपल्या मरणाचा खर्च पोराच्या माथी नको, एवढाच हिशेब.

आणि पाचवं सृष्टीचं. नातीच्या शिक्षणाचं. ते मात्र ऐटीत उघडलं, गंगापूर रोडला, काचेच्या दाराच्या आणि गारेगार हवेच्या बँकेत. दारात टाय लावलेला एक मुलगा टेबल मांडून बसला होता. पाच हजारांत खातं आणि वर छत्री फुकट. दहा हजारांच्या खाली शिल्लक गेली तर काय होतं हे त्याने सांगितलं का? सांगितलं असेल, छत्री उघडून दाखवता दाखवता. अंबूबाईचं लक्ष छत्रीकडे होतं. पुढे ती दर महिन्याला पाचशे भरत राहिली, आणि भरल्याची पावती घरच्या स्टीलच्या डब्यात टाकत राहिली. शिल्लक किती, हे एकदाही विचारलं नाही. विचारणं म्हणजे झाकण उघडणंच की! बाकीच्या बँकांचे मेसेज फोनवर टिंगटिंग यायचे, या बँकेचा एकही नाही. चांगली बँक आहे, उगाच त्रास देत नाही, असं ती चारचौघींत सांगायची.

सृष्टी दहावी झाली आणि तंत्रनिकेतनात तिचा मेकॅनिकलला नंबर लागला. साडेतेरा हजार भरायचे, गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत. नाही भरले तर जागा पुढच्या फेरीत दुसऱ्याला जाणार. संतोषचं तोंड उतरलं. तो आता कंत्राटदाराकडे होता आणि पगार दहा तारखेनंतर.

"तू कशाला तोंड पाडतो?" अंबूबाई म्हणाली. "पोर पाचवीत होती तव्हाच मी तिला शब्द दिलेला हाय. फीसाठी तुला बापापुढं हात पसरावा लागणार नाय म्हणलं."

सोमवारी सकाळी तिने फळीवरचा डबा काढला. झाकणाला हळदीकुंकू लावलं, सृष्टीच्या हातून ते उघडवलं आणि पावत्या मोजल्या. चौदा हजार. पोरीने उडी मारली. सविता मात्र पावत्यांकडे बघत राहिली. "आत्या, मी येते बरोबर," एवढंच म्हणाली.

बँकेत काउंटरवर कुंदन नावाचा तरुण होता. त्याने खात्याचा नंबर टाकला. "आजी, सात हजार सहाशे बारा आहेत."

"चौदा हायेत. नीट बघ बाबा."

त्याने नीट बघितलं. मग यंत्रातून तीन कागद काढले आणि सविताच्या हातात दिले. सविता ओळीवर बोट ठेवून वाचू लागली. "पाचशे जमा. तीनशे चोपन्न वजा. शिल्लक कमी म्हणून. पाचशे जमा. तीनशे चव्वेचाळीस वजा. आत्या, दर महिन्याला आहे हे. आणि हे कार्डाचे, दोनदा."

"कार्ड? मी कुठं कार्ड मागितलं?"

अंबूबाई खुर्चीवर बसली. हा राग होता की लाज, तिचं तिलाच कळेना. थेंबे थेंबे तळे साचे, असं ती पोरीला शिकवायची. थेंबाथेंबाने तळं आटतंही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पाऊस, रोग, बाजार, सगळ्यांनी तिला आजवर लुटलं होतं, पण समोरासमोर. आणि इथे ती स्वतः पायाने चालत येऊन, रांगेत उभी राहून, लुटणाऱ्याच्या हातात पैसे देत होती. वर त्याचं कौतुक करत होती. आपलंच नाणं खोटं निघालं, तिला वाटलं, आणि डोळ्यांत पाणी आलं. ते तिने पदराने पुसलं. रडायला घर होतं, इथे काम होतं.

"मॅनेजर कुठं बसतात?" तिने विचारलं.

मॅनेजर बाई बोलायला गोड होत्या. "मावशी, नियमच आहे. शिल्लक दहा हजारांच्या खाली गेली की चार्ज लागतो. आणि आम्ही न सांगता कापत नाही. प्रत्येक वेळी आधी मेसेज जातो, महिनाभर मुदत देतो."

"मला एक पण आला नाय."

"गेलेत मावशी. इथे दिसतंय."

"कुठल्या नंबरवर?" हे सविताने विचारलं. इतक्या हळू की मॅनेजर बाईंना ते दोनदा ऐकावं लागलं. त्यांनी नंबर वाचला. सविताने तो हातावर लिहून घेतला. मग म्हणाली, "हा आमच्या घरात कुणाचा नाही."

बाईंनी संगणकाकडे बघितलं, कागदांकडे बघितलं, मग म्हणाल्या की फॉर्मवर जो नंबर असेल तोच असणार. सविताने बाहेर येऊन त्या नंबरला फोन लावला. टाय लावलेला मुलगा बोलला. आता दुसऱ्या कंपनीत होता, धुळ्याला. हो, कधीकधी घाईत माझा नंबर टाकायचो, म्हणाला. फॉर्म लवकर पास व्हायचा. आणि आजी, छत्री चालतेय ना?

छत्रीचं नाव ऐकून अंबूबाई जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कुंदन पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर आला. "आजी, तोंडी भांडू नका. लेखी अर्ज द्या. नंबर चुकीचा होता, नोटीस मिळाली नाही, एवढंच लिहा. आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच नसली तर अर्ज दिलाच नाही असं होतं. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर बँकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाकडे जाता येतं, फुकट."

"तीस दिवस? फी गुरुवारी हाय रे."

"ते मी काही करू शकत नाही, आजी," तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं.

सविताने तिथेच बाकावर बसून अर्ज लिहिला. अक्षर मोत्यासारखं, एक खाडाखोड नाही. कुंदनने शिक्का मारता मारता विचारलं, "शिक्षिका आहात का?"

"नाही. डी.एड.ला नंबर लागला होता. फी भरायच्या तारखेला वडिलांकडे पैसे नव्हते. दुसऱ्या महिन्यात लग्न झालं." सविताने हे असं सांगितलं, जसं कुणी बसचा नंबर सांगतं. अंबूबाईने ते ऐकलं. अठरा वर्षं सून घरात होती, आणि ही गोष्ट ती परक्या माणसाला सांगताना सासूला पहिल्यांदा कळत होती.

घरी येताना ती म्हणाली, "पोरीची जागा जाऊ द्यायची नाय. काय वाटेल ते होऊ दे."

"नाही जाऊ द्यायची," सविता म्हणाली.

दोघी तीन दिवस वणवण फिरल्या. अंबूबाईच्या बाजूने पाहिलं तर एकेक डबा उघडत गेल्या. काचेच्या बँकेतले सात हजार सहाशे बारा आधी काढून घेतले. कमी पडत होते पाच हजार आठशे अठ्ठ्याऐंशी. पंचवटीच्या बँकेत सणावाराचे साडेतीन हजार होते, त्यांचे उरले होते एकोणीसशे चाळीस. तिथेही तोच खेळ, फक्त मेसेज आले होते आणि कुणी उघडून वाचले नव्हते. सविताने ते खातं तिथल्या तिथे बंद करवलं. खातं वर्षाहून जुनं आहे, बंद करायचे पैसे लागणार नाहीत ना, हे आधी विचारून घेतलं. सातपूरला तर और तऱ्हा. संतोषने कंपनी बदलली, पगार यायचा थांबला, आणि पगाराचं बिनशिल्लकीचं खातं गुपचूप साधं होऊन कापायला लागलं. तिथे संतोषची सही हवी, आणि संतोष शुक्रवारपर्यंत दिवसपाळीला. पतसंस्थेत दगाफटका नव्हता, पण पैसेही नव्हते. दसऱ्याच्या झेंडूची रोपं नुकतीच लावून झालेली.

व्यापारी उचल द्यायला तयार होता. आनंदाने तयार होता. उचल घेतली की दसऱ्याला भाव त्याचा, हे तिला ठाऊक होतं. "तुझे पैसे तुलाच ठेव," ती म्हणाली.

बुधवारी दुपारी उरलेल्या खात्यापुढे त्या उभ्या राहिल्या. फुकटचं खातं. बँक जुनी, पंखा करकरणारा, रांग दारापर्यंत. सविताने पासबुक यंत्रात घातलं. शिक्क्यासारखी ओळ उमटली: अकरा हजार दोनशे सहा.

"मी अकराच ठेवले होते," अंबूबाई म्हणाली.

"वरचं व्याज आहे. इथे कापतच नाहीत काही, आत्या. शिल्लक शून्य ठेवली तरी."

अंबूबाई हसली. हसताना तिला ठसका लागला. जिथे छत्री मिळाली, गार वारा मिळाला, त्या बँकेने जित्या पोरीचे पैसे खाल्ले. आणि जिथे तिने मान कमी म्हणून आपलं मरण नेऊन ठेवलं, तिथे पै न पै जागेवर. मोठ्या घरचा पोकळ वासा, दुसरं काय.

"काढ चार हजार," ती म्हणाली.

"आत्या, हे तुमच्या मागचे आहेत. एका डब्यातले दुसऱ्यात..."

"ठाऊक हाय मला. मीच सांगते रोज." पैसे काढायची स्लिप अंबूबाईने पुढे ओढली. "कॉलेजनं तारीख दिली हाय. यमानं कुठं दिली? थांबंल तो." आणि तिने सही केली. आईचा नेम मोडताना हात जड होईल असं तिला वाटलं होतं. झाला नाही.

गुरुवारी तीन वाजता फी भरली. पावती सृष्टीने आजीच्या हातात दिली. अंबूबाईने ती डब्यात टाकली नाही. उघडून, उलटीसुलटी करून, आकडा दोनदा वाचून मग सविताच्या हवाली केली.

इथे एखादी म्हणाली असती, चला, काम झालं, गेलं ते गंगेला मिळालं. अंबूबाई म्हणाली नाही. दर सोमवारी आणि गुरुवारी माल विकून झाला की ती काचेच्या बँकेत जायची. श्रावण लागला होता, हारांच्या ऑर्डरी होत्या, म्हणून झेंडू आणि सुई-दोरा बरोबर घेऊन जायची. काउंटरवर अर्जाची पोच दाखवायची, "काय झालं?" विचारायची, आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवर बसून हार ओवायची. वॉचमन म्हणाला, इथे पाकळ्या सांडतात. तिने एकूण एक पाकळी उचलून पिशवीत भरली आणि पुढचं फूल घेतलं. आवाज नाही, शिवी नाही. गिऱ्हाइकं मात्र विचारू लागली, आजी, तुम्ही इथे कशा? आणि ती सांगायची. कुणी न विचारलेलंही सांगायची. म्हणायची, तुमची शिल्लक किती हाय ते आज बघून घ्या बरं. दोन-तीन माणसं बघून आली आणि तरातरा मॅनेजर बाईंच्या केबिनमध्ये गेली.

तिसरा आठवडा झाला तशी सविताने लोकपालाच्या अर्जाची प्रत तयार केली. अंबूबाईने ती घडी करून नव्हे, उघडी, हारांवर ठेवून बँकेत नेली.

एकोणतिसाव्या दिवशी फोन आला. नोटीस चुकीच्या नंबरवर गेल्याचं वरच्या कचेरीने मान्य केलं होतं. पाच हजार नऊशे चार परत. कार्डाचे चारशे चौऱ्याऐंशी मात्र नाहीत, कारण कार्डाच्या रकान्यात बरोबरची खूण होती आणि खाली अंबूबाईची सही.

"सही माझीच हाय," बँकेत जाऊन कागद बघितल्यावर तिने कबूल केलं. "ते माझ्या अकलेचे गेले. जाऊ दे."

मॅनेजर बाई म्हणाल्या, "मावशी, खातं ठेवा की. आम्ही शून्य शिल्लकीचं करून देतो."

"हे तुमच्याकडं पण असतं?" अंबूबाईने विचारलं.

"असतं ना. मागितलं की देतो."

"मागितलं की," अंबूबाई म्हणाली. तिने खातं बंद केलं, बंद केल्याचा कागद मागून घेतला, आणि निघताना कुंदनच्या टेबलावर एक हार ठेवला. छत्री वॉचमनला दिली.

त्या संध्याकाळी तिने पाचही स्टीलचे डबे फळीवरून उतरवले, घासले आणि सविताच्या स्वयंपाकाला दिले. एकात मीठ भरलं. सातपूरचं आणि पतसंस्थेचं खातंही मधल्या महिन्यात बंद करून झालं होतं; आता एकच राहिलं होतं, ते फुकटचं.

"काढ तुझी वही," ती म्हणाली.

सविताने वही उघडली. रेघा मारून ठेवल्या होत्या, बहुतेक कितीतरी दिवसांपासून. पाच नावं, पुढे पैसे, पुढे कशासाठी ते. शेवटची ओळ होती, आत्यांच्या मागचे, सात हजार दोनशे सहा. "यात परत आलेले चार हजार मिळवते. मग उरतात एकोणीसशे चार."

"मिळवू नको. माझ्या मागचं बघायला तुम्ही हाय की." अंबूबाईने वहीवर बोट ठेवलं, पाचव्या ओळीच्या खाली. "इथं सहावी ओळ काढ."

"कशाची?"

"सविता लिही. पाच हजार नऊशे चार."

सविताचं पेन थांबलं. पाच डबे होते. पोरीचा, रोपांचा, देवांचा, दुखण्याचा, मरणाचा. अठरा वर्षं रोज पहाटे उठून फुलं तोडणाऱ्या बाईचा त्यात एकही नव्हता, आणि हे तिला फार आधीपासून माहीत होतं. सासूला आत्ता कळलं होतं. अंबूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण ती नजर चुकवून बसली नाही.

"कशासाठी म्हणून लिहू?" सविताने विचारलं.

"ते मी कसं सांगू? डबा तुझा हाय. झाकण वाटंल तव्हा उघड, मला विचारायचं नाय."

सविताने आपलं नाव लिहिलं. मोत्यासारखं अक्षर त्या एका ओळीत जरा वाकडं आलं. मग ती वही मिटून भाकऱ्या करायला उठली.

दुसऱ्या दिवशी बाजारातून आल्यावर अंबूबाईने वही काढली. तिला अक्षरं लावून वाचायला वेळ लागायचा. सहाव्या ओळीवर बोट ठेवून ती सावकाश पुढे सरकत गेली. नाव होतं, पैसे होते, आणि कशासाठीच्या रकान्यात सविताने एकच शब्द लिहिला होता: ठरवते.